बंदुकीचा दस्ता: खांद्याला बसेल तोच आपला



भात पोटरीला आले की वसईच्या पूर्वपट्टीत रात्रीची झोप उडते. तुंगारेश्वरच्या डोंगराकडून रानडुकरे उतरतात आणि एका रात्रीत वर्षाची मेहनत लोळवून जातात. म्हणून काही घरांत पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक आहे. कुणाकडे आजोबांच्या वेळची ठासणीची, कुणाकडे बारा बोअरची एकनळी. नळी आपण पुसतो, तेल देतो, गंज चढू देत नाही. पण लाकडी दस्त्याकडे कुणाचे लक्ष असते? तो तडकला की तार गुंडाळायची आणि दिवस काढायचे, हीच आपली रीत.

ही रीत किती महाग पडते ते मी माझ्या मामांच्या घरी पाहिले. त्यांच्या एकनळीचा दस्ता मानेशी, म्हणजे मूठ धरतो त्या बारीक जागी, तडकला होता. मामांनी पितळेची तार आवळून बांधली. कापणीच्या आधी एका रात्री डुकरे शेतात शिरली. मामांनी बांधाच्या दिशेने बार काढला. तार सुटली, दस्ता दुभंगला आणि बंदुकीची मागची बाजू गालफडावर आदळली. डोळा थोडक्यात वाचला. तारेचे चार पैसे वाचवायला गेलेले मामा महिनाभर एका बाजूने जेवत होते.

तेव्हा आज दस्त्याविषयी बोलू. थोडक्या खर्चात काय करता येते आणि कोठे काटकसर करू नये, एवढेच सांगायचे आहे. बंदूक असो की रायफल, दस्त्याचे गणित एकच.

आधी हे समजून घ्या की दस्ता म्हणजे नुसती धरायची मूठ नव्हे. बार उडाला की मागे येणारा धक्का लोखंडाकडून लाकडात आणि लाकडातून तुमच्या खांद्यात जातो. लोखंड आणि लाकूड जिथे भिडतात तिथे ते घट्ट, सगळीकडून सारखे टेकलेले हवे. केसभर फट राहिली तर प्रत्येक बाराला लोखंड पाचरीसारखे लाकडात घुसते. लाकूड फाडायला आपण पाचरच मारतो ना? तसेच हे. म्हणून पहिला आणि सर्वात स्वस्त उपाय म्हणजे दस्त्याचे स्क्रू ढिले झाले आहेत का ते वेळीच पाहणे.

दुसरे कारण तुम्हाला नवल वाटेल असे आहे. मामांची बंदूक तपासून कारागीर म्हणाला, “हे लाकूड धक्क्याने नाही, तेलाने मेले आहे.” बंदूक वर्षानुवर्षे कोपऱ्यात नळी वर करून उभी होती. वरून दिलेले तेल झिरपत दस्त्याच्या तोंडाशी साचले आणि लाकूड काळे, मऊ पडले. तेव्हा तेल बेताने द्या, जास्तीचे पुसून काढा, आणि तेल दिल्यावर काही दिवस नळी खाली करून ठेवा. याला एक पैसाही लागत नाही.

आता तडक गेलीच असेल तर? तडक बारीक असेल आणि मानेत नसेल, तर चांगला कारागीर ती साफ करून, दोन भाग मिळून येणाऱ्या पक्क्या रासायनिक गोंदाने जोडतो आणि गरज पडल्यास आतून खुंटी घालतो. तेलकट लाकडाला गोंद धरत नाही, म्हणून खडूच्या पुडीचा लेप देऊन आधी तेल ओढून घ्यावे लागते. सुताराचा साधा पांढरा गोंद येथे उपयोगाचा नाही. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्या दमट हवेत तो टिकत नाही. मात्र मानच आरपार तडकली असेल तर जोडकामाचा मोह सोडा आणि दस्ता बदला.

नवा दस्ता घेताना लाकूड कसे निवडावे? कुऱ्हाडीला धामणीचा दांडा घालताना तुम्ही काय पाहता ते आठवा. रेषा सरळ आहे का, गाठ आहे का, वाळले आहे का. हीच परीक्षा येथे लावा. रेषा मानेतून सरळ, लांबीच्या दिशेने गेलेली हवी. नक्षीदार रेषा मागच्या रुंद भागात असली तर चालेल, मानेत नको. तिथे आडवी रेषा आली की दस्ता तिथेच मोडणार.

बंदुकीसाठी जगभर आक्रोडाचे लाकूड नावाजलेले आहे. ते हलके, चिवट आणि घडवायला सोपे असते. आपल्याकडे शिसवी लाकूडही चालते. ते मजबूत, पण वजनदार. साग पाण्यापावसात फारसा सुजत नाही, पण धक्का सोसण्यात आक्रोडाच्या मागे पडतो. आंब्याची फळी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. ती मऊ असते, ओल ओढते आणि किडीलाही लवकर बळी पडते. प्लॅस्टिकच्या जातीचा तयार दस्ता तुमच्या बंदुकीला नेमका बसणारा मिळाला, तर पावसाळी मुलखात तो वाईट नाही. तो फुगत नाही आणि तडकत नाही. मात्र बंदूक हलकी झाली की खांद्याला धक्का जास्त जाणवतो, हे ध्यानात ठेवा.

फळी वाळलेली हवी, हे सर्वात महत्त्वाचे. ओले लाकूड बसवले की सहा महिन्यांत आक्रसते, फट पडते आणि पाचरीची गोष्ट पुन्हा सुरू होते. जुना ठोकताळा असा, की जाडीच्या दर इंचाला एक वर्ष सावलीत, हवेशीर वाळवण. एकनळीच्या मागच्या दस्त्याला साधारण अठरा इंच लांब, सहा इंच रुंद आणि अडीच इंच जाड तुकडा लागतो, म्हणजे अडीच वर्षे झालीच. येथे गावात राहण्याचा फायदा घ्या. जुने घर उतरवताना निघालेली शिसवी तुळई किंवा खांब पन्नास वर्षे वाळलेला असतो. वाळवी, खिळ्याची भोके आणि चिरा नसलेला तुकडा निवडा. एका दस्त्यासाठी झाड मात्र पाडू नका. साग, आंबा ही झाडे स्वतःच्या बांधावरची असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

आता मापाकडे येऊ. अंगरखा शिवताना शिंपी माप घेतो, मग दस्त्याला माप नको? बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याची मागची बाजू कोपराच्या खोबणीत टेकवा. चापावर बोटाचे पहिले पेर सहज पोचले तर लांबी साधारण बरोबर. मोठ्या माणसाला बहुधा साडेतेरा ते साडेचौदा इंच, चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत, लागतात. दस्ता फार लांब असेल तर कपड्यात अडकतो आणि धक्का खांद्याऐवजी दंडावर बसतो. आखूड असेल तर बार उडताच अंगठा नाकावर येतो.

दुसरी परीक्षा अशी. मोकळ्या, सुरक्षित दिशेला तोंड करून डोळे मिटा, रिकामी बंदूक खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. नजर सरळ नळीवरून माशीकडे गेली पाहिजे. मान ताणावी किंवा वाकडी करावी लागली, तर दस्त्याची पाठ तुमच्यासाठी फार खाली किंवा फार वर आहे.

हे काही शौकिनांचे चोचले नव्हेत. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. अशा स्पर्धेच्या रायफलींचा दस्ता पाहिला तर लांबी आणि गालाची उंची स्क्रूने कमीजास्त करता येते. खेळाडूचे शरीर दस्त्याला जुळवून घेत नाही, दस्ता शरीराला जुळवून घेतात. आपल्याला तेवढे महाग काम नको. दस्ता आखूड असेल तर मागे चढवायची रबराची किंवा चामड्याची टोपी थोडक्यात मिळते. तिने पाऊण-एक इंच लांबी वाढते आणि धक्काही मऊ होतो. नवा दस्ता मोडून नवा घडवण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त.

पण एक काटकसर करू नका. बंदूक गावच्या सुताराच्या हाती देऊ नका, मग तो कितीही कसबी असो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. दुकान परवान्याचे आहे याची खात्री करा, आपला परवाना सोबत न्या, आणि बंदुकीचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. आपल्या परवान्यावरची तारीख आजच पाहा. शंका असेल तर परवान्यावर ज्या कार्यालयाचा शिक्का आहे तेथे विचारा. वसई-विरार भागासाठी २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे.

आणखी एक सांगतो. दस्ता नवा झाला म्हणून डुकरावर बार टाकायचा हक्क मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे, आणि त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय बंदूक घेऊन जाणेही गुन्हा आहे. पिकाचे नुकसान झाले तर वेळ न घालवता वनखात्याकडे अर्ज करा. भरपाईची सोय सरकारने केली आहे.

भगिनींनो, शेवटचे तुमच्यासाठी. दस्त्याला रंगाच्या दुकानातले डबल बॉईल अळशीचे तेल पातळ हाताने चोळले तर ओल सहजी आत शिरत नाही. पण तेल चोळलेली चिंधी चुरगाळून पेंढ्यात किंवा कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेते. पाण्यात भिजवा आणि बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवा. बंदूक कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवा. चाव्या पोरांच्या हाती लागू देऊ नका.

मामांनी पुढे दस्ता बदलला. मोडक्या घराच्या शिसवी तुळईचा तुकडा निघाला, तो परवानाधारक कारागिराने घडवून बसवला. माप घेताना उलगडा झाला, की जुना दस्ता उंचापुऱ्या आजोबांच्या मापाचा होता. मामा तीस वर्षे दुसऱ्याच्या मापाची बंदूक खांद्याला लावून दंड काळानिळा करून घेत होते आणि दोष देत होते दारूला. आता बंदूक कपाटात नळी खाली करून असते. मामींनी तशी सक्त ताकीदच दिली आहे.

तुमच्या घरची बंदूक कशी उभी आहे, ते आज संध्याकाळी पाहा.