कलेला टाळ्या, कलावंताला परवाना!

कृष्णवर्णीयांचे संगीत अमेरिकेने डोक्यावर घेतले. पण ते निर्माण करणाऱ्या माणसाला तिने कसे वागवले? हा प्रश्न बाजूला ठेवून आम्हाला जाझचे कौतुक करता येत नाही. थेलोनियस मंक यांच्या क्वार्टेटचा जॉन कोल्ट्रेनसह कार्नेगी हॉलमधील अल्बम ऐकताना तर मुळीच नाही.

२९ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्कला झालेल्या मैफलीचे हे ध्वनिमुद्रण आहे. पियानोवर मंक, सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन, बासवर अहमद अब्दुल-मलिक आणि ड्रमवर शॅडो विल्सन. मैफल हार्लेममधील मॉर्निंगसाइड कम्युनिटी सेंटरच्या मदतीसाठी होती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते याच हार्लेमला लागून आहे.

मंक यांचे आजोबा गुलामगिरीत जन्मले होते. नातू स्वतंत्र देशाचा नागरिक होता. पण न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये वाजवायचे तर त्याला पोलिसांचे ‘कॅबरे कार्ड’ लागे. १९५१ साली मित्रासोबत गाडीत असताना पोलिसांना अमली पदार्थ सापडले. मंक यांनी मित्राविरुद्ध तोंड उघडले नाही. त्यांना तुरुंगवास घडला, कार्डही गेले. त्याच रात्री कार्नेगी हॉलमध्ये गायलेल्या बिली हॉलिडे यांचेही कार्ड पूर्वीच हिरावले गेले होते. सभागृहाला कार्ड लागत नसे, म्हणून तिथे गाता येई. रोजची भाकरी देणारे क्लब मात्र बंद! पोट मारून माणूस वाकवण्याची ही रीत आमच्या वाचकांना समजावून सांगावी लागू नये.

मंक वाकले नाहीत. १९५७ मध्ये कार्ड परत मिळाले आणि जुलैपासून ते ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबमध्ये वाजवू लागले. त्या महिन्यांची मेहनत या अल्बममध्ये ऐकू येते. कोल्ट्रेन सुरांचा लोंढा सोडतात; मंक मोजके, अडखळल्यासारखे वाटणारे सूर टाकतात आणि मध्ये थांबतात. त्या थांबण्यातही ताल असतो. पुढचा सूर कुठे पडेल याचा अंदाज बांधावा, तर तो भलतीकडेच पडतो आणि तरीही बरोबर वाटतो. कोणाचीही नक्कल न करणाऱ्या माणसाचे हे वादन आहे.

हे मुद्रण केले कोणी? अमेरिकी सरकारच्या ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या परदेशांसाठीच्या नभोवाणीने. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पोहोचवण्यासाठी लष्कर आणावे लागले होते. घरात ही स्थिती आणि जगाला ऐकवायला जाझ! पुढे ऑक्टोबर १९५८ मध्ये डेलावेअर राज्यात पोलिसांनी मंक यांना मारहाण केली. त्यांचे कार्ड पुन्हा गेले. कार्नेगी हॉलच्या टाळ्या त्यांच्या उपयोगी पडल्या नाहीत.

दोघांचे करार वेगवेगळ्या कंपन्यांशी असल्याने या क्वार्टेटचे स्टुडिओतील मुद्रणही फार थोडे झाले. कार्नेगी हॉलच्या फिती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून राहिल्या. २००५ साली तेथील लॅरी ॲपलबॉम यांच्या हाती त्या लागल्या आणि त्याच वर्षी ब्लू नोट कंपनीने अल्बम काढला. तेव्हा कोल्ट्रेन जाऊन ३८ वर्षे आणि मंक जाऊन २३ वर्षे झाली होती. २००६ मध्ये मंक यांना मरणोत्तर पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला.

सन्मानाला आमचा विरोध नाही. पण मेलेल्या कलावंताला हार घालणे सोपे असते. त्याला जिवंतपणी सन्मानाने पोट भरू देणे ही समाजाची खरी परीक्षा आहे. त्या परीक्षेत अमेरिका नापास झाली. हा अल्बम वाचकांनी जरूर ऐकावा आणि टाळ्यांचा कडकडाट होईल, तेव्हा त्या माणसाच्या खिशातील कार्डही आठवावे.