परदेशगमन आणि जुना डाग

कॉलेजांत असतां कुसंगतीनें गांजा ओढला, पोलिसांनीं धरलें, दंड भरून प्रकरण मिटलें. दहा वर्षांनीं त्याच मुलास परदेशीं नोकरी लागते आणि व्हिसाच्या अर्जांत प्रश्न येतो : पूर्वीं कधीं शिक्षा झाली आहे काय? अशा वेळीं घरांतील वडील मंडळी 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असा उपदेश करितात. तो किती घातक आहे, हें आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जॉन लेनन ह्या प्रख्यात इंग्रज गायकाचें उदाहरण बोधप्रद आहे. चरस बाळगल्याबद्दल १९६८ सालीं लंडनच्या न्यायालयानें त्यास १५० पौंड दंड केला. परंतु पुढें अमेरिकेंत राहूं लागल्यावर, त्याच शिक्षेवरून, १९७३ सालीं त्यास देश सोडण्याची आज्ञा झाली. वरिष्ठ न्यायालयानें ती १९७५ सालीं रद्द केली व १९७६ सालीं त्यास कायम वास्तव्याचा परवाना मिळाला. न्यायालयानें म्हटलें कीं, तत्कालीन इंग्रजी कायदा पदार्थ जवळ असल्याचें आरोपीस ठाऊक होतें कीं नाहीं, हें पाहातच नसे. म्हणून त्या शिक्षेवरून त्यास घालवितां येत नाहीं. जाणून केलेलें व अजाणतां घडलेलें पाप आमच्या स्मृतिकारांनींहि वेगळें मानिलें आहे.

परंतु एवढा झगडा सामान्य गृहस्थास झेपणारा नव्हे. म्हणून कायदा आधींच समजून घ्यावा. आपल्याकडील १९६७ च्या कायद्यान्वयें, नैतिक अधःपाताच्या गुन्ह्याबद्दल गेल्या पांच वर्षांत दोन वर्षें वा अधिक कैद झाली असल्यास पासपोर्ट नाकारतां येतो; किरकोळ दंडानें सहसा अडत नाहीं. पण पासपोर्ट हातीं आला म्हणजे दुसऱ्याच्या घराचें दार उघडलें असें नव्हे. अमेरिकेंत गांजाची एक शिक्षाहि प्रवेशास आड येते. तेथें जाण्यास सवलतीचा वेगळा अर्ज करावा लागतो. कॅनडांत २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, तरी अमेरिकेची सरहद्द ओलांडतांना तो नियम उपयोगीं पडत नाहीं. उलट कॅनडांत, शिक्षा पुरी होऊन पांच वर्षें लोटल्यावर, आपण सुधारलों असा अर्ज करितां येतो.

आतां असत्याचा हिशेब पाहा. अर्जांत महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितल्यास कॅनडा पांच वर्षें बंदी घालतो. अमेरिकेंत तर तें असत्यच प्रवेशबंदीचें नवें व कायमचें कारण होतें. मूळ गुन्ह्यास सवलत मिळाली असती. आतां दोन गुन्ह्यांची मागावी लागते.

म्हणून निकालपत्राची सहीशिक्क्याची नक्कल आधीं मिळवावी, त्या देशाचा कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा, अर्जांत खरें तेंच लिहावें आणि प्रवासाच्या पुष्कळ आधीं लिहावें. मुलानें आपला दंड केव्हांच भरला आहे. घराण्याच्या लाजेपायीं त्यास दुसरा भरावयास लावूं नये.