घरे कुलूपबंद, भाडेकरूंची वणवण

पणजीत किंवा वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या कुटुंबाला कामाजवळ भाड्याचे घर मिळणे दुरापास्त झाले आहे. वास्तविक, २०११ च्या जनगणनेत गोव्यातील साधारण पाचांपैकी एक घर रिकामे आढळले होते. घरे आहेत, ती कुटुंबाला देण्याचे धैर्य मालकांना होत नाही. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या धास्तीने करार अकरा महिन्यांचेच होतात. शिवाय पर्यटकांकडून मिळणारे दिवसाचे भाडे अधिक किफायतशीर ठरते. परिणामी दरवर्षी बिऱ्हाड हलते आणि मुलांची शाळा पणाला लागते. मुदत संपताच मालकाला घर परत मिळण्याची आणि तोवर भाडेकरूला स्थैर्याची खात्री देणारी व्यवस्था सरकारने उभारल्याखेरीज ही कुलपे उघडणार नाहीत.