चण्याचं पाणी

गेल्या पावसात एका शुक्रवारी मी ‘पास्ता ए चेची’ करायला घेतला. नाव भारदस्त असलं तरी अर्थ साधा आहे, पास्ता आणि चणे. रोममध्ये हे शुक्रवारचं जेवण. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून चणे. शुक्रवार पाळणारे शेजारी गोव्यात बहुतेकांना असतात, तेव्हा हे आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही.

पहिला प्रयत्न साफ फसला. काबुली चणे कुकरमध्ये शिजवले आणि पाणी गाळून मोरीत ओतलं. पास्ता वेगळ्या पातेल्यात उकडला, तेही पाणी मोरीत. मग दोन्ही लसणीच्या फोडणीवर परतले. चणे कोरडे, पास्ता कोरडा, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही! आईने एक घास खाल्ला, मोरीकडे बघितलं आणि म्हणाली, “इतलें बरें उदक कित्याक उडयलें रे?”

मी ओशाळलो. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी जपून काढायचं आणि त्याची कटाची आमटी करायची, हे लहानपणापासून बघत आलो. पण पदार्थ परदेशी म्हटल्यावर घरातलं शहाणपण बाजूला ठेवलं.

दुसऱ्यांदा नीट केलं. चौघांसाठी पाव किलो चणे रात्रभर भिजवले. भिजवल्याचं पाणी टाकायचं, शिजवल्याचं मात्र नाही. चणे अगदी मऊ शिजवून एक तृतीयांश घोटून घेतले. ऑलिव्ह तेलात लसूण, रोझमेरीची काडी आणि एक टोमॅटो परतून त्यात चणे, घोटलेला गर आणि सगळं पाणी घातलं. उकळी आल्यावर दीडशे ग्रॅम बारीक पास्ता थेट त्यातच सोडला. तळाला लागतो, म्हणून ढवळत राहायचं. पास्ता त्याच पाण्यात शिजतो, त्याची पिठी त्यात उतरते आणि रस दाट होतो. पाच मिनिटं झाकून ठेवायचं, वरून थोडं कच्चं तेल आणि मिरपूड. बस्स! वरणफळं किंवा गुजराथी दाळढोकळी खाल्लेल्या माणसाला ही युक्ती नवी नाही.

रोमन कवी होरेस याने इ.स.पूर्व 35 च्या सुमारास आपल्या रात्रीच्या जेवणाचं वर्णन केलं आहे. त्यात चणे आहेत, कांद्याच्या जातीची लीक नावाची भाजी आहे आणि ‘लागाना’ हा पातळ कणकेचा पदार्थ आहे. होरेस दक्षिण इटलीतला. तिथल्या बाझिलिकाता प्रांतात ‘लागाने आणि चणे’ आजही खातात. मोठमोठ्यांच्या ओळखी असलेला कवी घरी येऊन चणे खातो आणि ते सांगायला लाजत नाही, हे मला फार आवडलं.

आपण मात्र लाजतो. हॉटेलात पास्ता म्हणजे क्रीम आणि चीज, आणि घरी पाहुणे आले की कटाची आमटी लपवून पनीर पुढे करायचं. माझा आक्षेप क्रीमला नाही. रोझमेरी मिळाली नाही तर खुशाल वगळा. पण जिथे चीज आणि मांस परवडत नव्हतं तिथे या पाण्यानेच जेवणाला दाटपणा दिला. त्यात क्रीम ओतलं की मूळ युक्तीच पुसली जाते.

काटकसर म्हणजे कंजूषपणा असं आपल्या पिढीने धरलं, आणि आयांना ठाऊक असलेलं बरंचसं त्या पाण्याबरोबर मोरीतून गेलं. ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. माझी आई आता ओट्यापाशी फार वेळ उभी राहू शकत नाही. तेव्हा हल्ली मी खुर्ची स्वयंपाकघरात आणून ठेवतो, ती बसून सांगते आणि मी करतो.

पुढच्या वेळी चणे शिजवाल तेव्हा ते पाणी ओतण्याआधी चमचाभर चाखून बघा.