अपिलाचा पत्ता आदेशावरच हवा

रिद्धपूरच्या शेतकऱ्याच्या फेरफारावर मंडळ अधिकाऱ्याने विरुद्ध निर्णय दिला, तर दाद मागायची मोर्शीच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार मुदत 60 दिवसांची. पण हे त्याला सांगतो कोण? आदेशात कलमांची जंत्री असते, पुढे कुठे जायचे ते बहुधा नसते. संत्र्याच्या हंगामात माणूस बागेत अडकतो, मुदत टळते. मग विलंबमाफीचा अर्ज आणि वकिलाचा खर्च.

माहिती अधिकार कायद्याने ही वाट 2005 मध्येच दाखवली आहे. माहिती नाकारणाऱ्या पत्रात नकाराचे कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील लिहावाच लागतो. पहिले अपील 30 दिवसांत, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दुसरे 90 दिवसांत, माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे. मुदतीत उत्तरच आले नाही, तरी अपील करता येते, हे तर फार थोड्यांना ठाऊक आहे.

हीच शिस्त महसुली आदेशांना लावा. मराठी भाषा विद्यापीठाच्या रिद्धपूर गावात शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक आदेशाच्या तळाशी सोप्या मराठीत दोन ओळी हव्यात: अपील कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत. त्यासाठी नवा कायदा नको, जिल्हाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक पुरे.