अकलूजची इटालियन बाटली

मिरजोळ्याच्या सड्यावरचे आश्विनातले ऊन सोसायला इथेच जन्म काढावा लागतो. भात कापणीला आलेले असते, गवत पिवळे पडू लागते आणि कातळ भाकरीच्या तव्यासारखा तापतो. पण दिवस कलला की समुद्राकडून वारा सुटतो आणि दारावर बांधलेले नवे, म्हणजे भाताची लोंबी, आंब्याचे पान आणि कुर्डूचे फूल, हळूच हलू लागते. आम्हा कोकणातल्या माणसांची कोजागिरी म्हणजे आधी नवान्न पौर्णिमा. मसाल्याचे दूध नंतर.

गेल्या नवान्नाला पुण्याहून लेक-जावई आले. जावईबापूंनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. आमच्या घरात बाटली म्हणजे आगळाची किंवा काकवीची. सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी छताकडे. "बाबा, ही तांबडी वाइन आहे. इटालियन," जावई म्हणाले. मी चष्मा लावून लेबल वाचले. नाव इटालियन, द्राक्षाची जात इटालियन आणि खाली बारीक अक्षरात जिल्हा सोलापूर!

नोकरीत असताना मी त्या भागात तीन वर्षे काढली आहेत. ऊस, साखर कारखाना आणि पाणी पोचत नाही तिथे ज्वारीचे माळ, एवढेच अकलूज मला माहीत. त्या मुलखात तीन भावाभावांच्या जोड्या एकत्र आल्या: अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की. म्हणून नाव ठेवले 'फ्रातेल्ली', इटालियनमध्ये 'भाऊ'. वाइन करायला टस्कनीतले पिएरो मासी आले. सहा भाऊ आणि हे सातवे. त्यांच्या एका वाइनचे नावच 'सेत्ते', म्हणजे सात. तिच्यात सांजोवेझे हे द्राक्ष असते. इटलीतल्या प्रसिद्ध कियांती वाइनचा जीव याच द्राक्षात. 'जोव्ह देवाचे रक्त' असा त्या नावाचा अर्थ सांगतात.

गंमत ऋतूंची आहे. टस्कनीत सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षे खुडतात आणि नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाला, नवी वाइन चाखतात. म्हणजे त्यांचे नवान्नच ते! आपल्याकडे मात्र ऑक्टोबर हा छाटणीचा महिना. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी आणि घड उतरतात ते माघ-फाल्गुनात. एकाच जातीचा वेल; तिथे शरदात देतो, इथे शरदात कात्री मागतो.

बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली. तांबडी वाइन घरातल्या हवेइतकी असावी म्हणतात, पण ती हवा युरोपातली, सोळा-अठरा अंशांची, मिरजोळ्याची नव्हे. मग घोटभर प्यायलो. आधी आंबट, मग तुरट आणि मागाहून पिकलेल्या करवंदाची आठवण. सौ.ने थेंबभर जिभेला लावला आणि निकाल दिला, "अहो, आगळात मीठ घालायला विसरलेत." याहून नेमके परीक्षण मी वाचलेले नाही.

इथे काही वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल. ती रास्त आहे. पगाराच्या दिवशी बँकेच्या दारात नवऱ्याची वाट पाहत उभ्या असलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आत उशीर झाला तर पैसे कुठे जातील, हे त्यांना ठाऊक असे. वाइन झाली तरी मद्यच. आपल्या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि प्यायला परवाना लागतो. प्रमाण कितीही कमी असले तरी मद्य निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितले. तेव्हा कुणी प्यावी म्हणून मी हे लिहीत नाही.

लिहितो ते वेगळ्याच कारणासाठी. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि तो दोष वाइनचा नव्हता.

नोकरीच्या मधल्या काळात मी आमच्याच जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. एक तरुण कर्जाचा अर्ज घेऊन आला. काजूच्या बोंडांचा रस काढायचा, काही सरबतासाठी बाटल्यांत भरायचा आणि परवाना मिळाला तर काहीची वाइन करायची, असा त्याचा बेत. बोंड म्हणजे बीपेक्षा कितीतरी पट वजनाचे फळ. संत्र्याहून अधिक 'क' जीवनसत्त्व त्यात. पण झाडावरून पडले की दिवसभरात नासते. आपण बी काढून घेतो आणि बोंड झाडाखाली टाकतो. मी तारण विचारले, बाजारपेठ विचारली. त्याच्याकडे दोन्ही नव्हते. अर्जावर मी 'व्यवहार्य नाही' असा शेरा मारला. खरे सांगायचे तर तारणापेक्षा 'वाइन' या शब्दानेच मी बिचकलो होतो. तो मुलगा पुढे मुंबईला गेला, एवढेच कानावर आले.

पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड. गोव्याने त्याच बोंडाची फेणी केली आणि 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळवले. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने कियांतीच्या सीमा आखल्या 1716 मध्ये. आपल्या गावच्या चवीला नाव आणि हद्द हवी, हे शहाणपण तिथे तीनशे वर्षांचे. आपल्या सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण 2001 मध्ये आणले आणि नाशिक, सोलापूरचे माळ बदलले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या उत्तम जाती दिल्या, पण बोंडाला बाजारात मानाचे पान अजून मिळालेले नाही. मद्य नको असेल तर सरबत करा, जॅम करा. पण फळ मातीत घालू नका. आणि उद्या असा कुणी पोरगा दारात आला, तर शेरा मारण्याआधी त्याच्याबरोबर एकदा बागेत जाऊन या. मी गेलो नव्हतो.

बाटलीत अजून थोडी वाइन होती. सौ.ने ती दुसऱ्या दिवशी मटणाच्या रश्श्यात ओतली. रस्सा छान झाला होता. रिकामी बाटली धुऊन तिने फडताळात ठेवली आहे. यंदा वैशाखात बोंडांचे सरबत तिच्यात भरायचे, असे आमचे ठरले आहे.