वेळ गाडीची की हाताची?

मोटारींच्या शर्यतीत घड्याळ खोटे बोलत नाही, असे आपण समजतो. नसेलही बोलत, पण ते गाडीविषयी बोलते की चालकाविषयी?

२००८ सालचे उदाहरण घ्या. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग हा सुमारे २० किलोमीटरांचा, जंगलातून वळणे घेत जाणारा धावमार्ग. तेथे निसान या जपानी कंपनीच्या जीटी-आर गाडीने ७ मिनिटे २९ सेकंदांत फेरी पुरी केली. चालक होते तोशिओ सुझुकी. प्रतिस्पर्धी पोर्श कंपनीला हे पटेना. तिने एक जीटी-आर विकत आणून आपल्या माणसांकडून पळवली, तर वेळ भरली ७ मिनिटे ५४ सेकंद! पोर्शची ९११ टर्बो मात्र ७ मिनिटे ३८ सेकंदांत आली. म्हणजे हात बदलताच जिंकलेली गाडी हरली. पोर्शने टायरांविषयी शंका काढली. निसानने, हवी तर आमची गाडी चालवायला शिकवतो, अशा आशयाचे उत्तर दिले.

मला हा टोमणा निदान अर्धा तरी खरा वाटतो. ९११चे इंजिन अगदी मागे असते. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की मागचा भाग बाहेर फेकला जातो. म्हणून तिचा जुना चालक वेग वळणाआधीच आवरतो. जीटी-आरचे इंजिन पुढे, जोर चारही चाकांना. तिचा स्वभावच निराळा. एका गाडीत मुरलेला हात दुसरीत बिचकणारच. मग दोन्ही गाड्यांना एकच चालक दिला म्हणजे न्याय झाला, हे कसे मानावे?

आमच्या घाटकोपरला एकच रिक्षा दिवसा एकजण चालवतो, रात्री दुसरा. क्लच कुठे पकडतो, ब्रेक किती आधी दाबायचा, हे तिच्या नेहमीच्या माणसालाच ठाऊक. तिसरा कोणी बदलीवर आला की धंदा कमी होतो आणि मालक पहिल्याच संध्याकाळी ठरवून टाकतो, "याच्या हातात दम नाही." रिक्षाला मात्र कोणी नावे ठेवत नाही!

मोटारवाल्यांनी दोन्ही चालकांना दोन्ही गाड्या द्याव्यात, सरावाला सारख्या फेऱ्या द्याव्यात आणि चारही वेळा चालकांच्या नावांसह छापाव्यात. टायर झिजतील, पेट्रोल जळेल. एवढ्या महागड्या गाड्या विकणाऱ्यांना ते जड नाही. बदलीवाल्याला तर फक्त एक आठवडा हवा असतो.